आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर

आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर (३० एप्रिल १८३४ – १५ नोव्हेंबर १९२१) हे जर्मन वास्तुविशारद व अभियंते होते. छायाचित्रांवरून वास्तूंची अचूक मापे काढण्याच्या शास्त्राचे, म्हणजेच छायाचित्रमिती अर्थात फोटोग्रामेट्रीचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. ऐतिहासिक वास्तूंच्या त्रिमितीय नोंदीची आजची परंपरा त्यांच्या कार्यापर्यंत मागे नेता येते.

जन्म व शिक्षण

मायडेनबाउअर यांचा जन्म आजच्या जर्मनीतील सारलँड राज्यातील थोलाय या गावी झाला. बर्लिनच्या वास्तुशास्त्र अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले व पुढे प्रशियाच्या शासकीय सेवेत प्रवेश केला.

वेत्झलार येथील प्रसंग

१८५८ मध्ये वेत्झलार येथील कॅथीड्रलची मापे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळी उंच भिंतींची मापे हातानेच घ्यावी लागत. त्यासाठी दोरांना टांगलेल्या पाळण्यात बसून भिंतीलगत वर-खाली जावे लागे. एके दिवशी काम आटोपल्यावर पाळण्यातून मनोऱ्याच्या खिडकीत पाऊल टाकताना पाळणा भिंतीपासून दूर सरकला. सुमारे २५ मीटर उंचीवरून कोसळता कोसळता ते वाचले. वास्तूला हात न लावता तिची मापे घेता येतील का, हा प्रश्न या प्रसंगातून त्यांच्यापुढे उभा राहिला.

पद्धती

छायाचित्र हे यथार्थदर्शनाच्या नियमांनी तयार झालेले चित्र असल्याने त्याच नियमांच्या उलट प्रक्रियेने मूळ वास्तूची मापे मिळवता येतील, असे त्यांच्या ध्यानी आले. एकाच वास्तूची दोन किंवा अधिक ज्ञात ठिकाणांहून छायाचित्रे घेतली, की प्रत्येक बिंदूकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे त्या बिंदूचे स्थान निश्चित होते. यासाठी साधा कॅमेरा पुरेसा नव्हता. म्हणून त्यांनी असा कॅमेरा तयार केला, की ज्यात भिंग व काच यांतील अंतर कायम राहत असे आणि छेदक रेषांमुळे क्षितिजपातळी व मध्यबिंदू प्रत्येक छायाचित्रावर उमटत असे. विस्तृत दृश्य टिपण्यासाठी राथेनो येथील एमिल बुश यांच्या कारखान्याचे भिंग त्यांनी वापरले. १८६७ मध्ये फ्राइबुर्ग या गावी त्यांनी या पद्धतीचा प्रयोग केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात फोटोग्रामेट्री हा शब्द आला. याच सुमारास फ्रान्समध्ये एमे लोसेदा हे लष्करी अधिकारी भूमापनासाठी छायाचित्रांचा स्वतंत्रपणे उपयोग करीत होते.

स्मारकांचा संग्रह

मायडेनबाउअर यांचे उद्दिष्ट केवळ मापनाची सोय एवढेच नव्हते. युद्ध, आग वा काळाच्या ओघात स्मारके नष्ट होऊ शकतात; म्हणून ती उभी असतानाच त्यांची मापनक्षम छायाचित्रे घेऊन ठेवावीत व आराखडे गरज पडेल तेव्हा काढावेत, असा त्यांचा आग्रह होता. शासनाला ही कल्पना पटण्यास अनेक वर्षे लागली. अखेर १८८५ मध्ये बर्लिनमध्ये या कार्यासाठी शासकीय संस्था स्थापन झाली व ते तिचे प्रमुख झाले. ज्या अकादमीत ते शिकले होते, तिच्याच इमारतीत ही संस्था होती. १९०९ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. १९२० पर्यंत संस्थेने सुमारे २० हजार काचपट्टांवर वास्तूंची नोंद केली. जर्मनीबाहेरील बालबेक येथील अवशेष आणि इस्तंबूलमधील आया सोफिया यांचाही त्यांत समावेश आहे. १९१२ मध्ये त्यांनी या विषयावरील हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली.

मृत्यू व वारसा

बाड गोडेसबर्ग येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची भीती खरी ठरली. बर्लिनमधील युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच कॅथीड्रलच्या पुनर्बांधणीत जुन्या काचपट्टांचा आधार घेण्यात आला. मात्र त्यांच्या संस्थेची इमारत वाचली नाही. युद्धात हानी झालेली ती वास्तू १९६२ मध्ये पाडण्यात आली. 

आज काचपट्टांची जागा लेझर स्कॅनर व ड्रोनवरील डिजिटल कॅमेऱ्यांनी घेतली आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली, तेव्हा पूर्वी केलेले लेझर मापन पुनर्बांधणीस उपयोगी पडले. साधने बदलली असली, तरी वास्तू उभी असतानाच तिची नोंद करून ठेवण्याचे मायडेनबाउअर यांचे तत्त्व कायम आहे.