शाहू छत्रपती आणि वेठीचे जू

कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांचे नाव आमच्या सर्व वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या हुकुमांचा आपल्या वाडवडिलांच्या जीविताशी किती निकट संबंध होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळचे नाव यशवंतराव. सन १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले व २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला. त्या काळी दरबारातील बहुतेक मोठ्या जागा एकाच जातीकडे असत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. सन १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढील वर्षी कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमिले.

त्याच वर्षी महार वतनाचाही निकाल लागला. जमिनीच्या लहानशा तुकड्यापायी सारे घराणे रात्रंदिवस गावाचे व सरकारचे बांधील असे. सांगावा न्यावा, ओझे वाहावे, मेलेले गुरू ओढावे. वाटण्या होऊन तुकडा लहान होई, चाकरी मात्र तेवढीच राही. महाराजांनी त्या जमिनी रयतावा करून वहिवाटदारांच्या नावे लाविल्या. मुंबई इलाख्यात हे जू उतरावयास १९५८ चा कायदा यावा लागला.

सन १९१९ मध्ये सरकारी शाळा, दवाखाने व पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले झाले. परंतु हुकूम कागदावर राहतो, हे महाराज जाणून होते. म्हणून गंगाराम कांबळे यांनी शहरात चहाचे दुकान घातले, तेव्हा ते स्वतः तेथे जाऊन चहा घेत.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचा अंत झाला.

महाराज ख्रिस्ती नव्हते. तरी प्रिय बंधुभगिनींनो, त्या चहाच्या पेल्याने आपली परीक्षा होते. प्रभूच्या मेजाशी आपण एकत्र बसतो. मग सोयरीक जुळविताना व पंगत मांडताना जुनी जात का विचारतो? राजाने जे आपल्या हाताने मोडिले, ते मंडळीने जतन करू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.