घरातला रेडिओ आणि डॉ. होमी भाभा

१९५० च्या सुमारास भिवंडीसारख्या गावात रेडिओ ही घरोघर आढळणारी वस्तू नव्हती. सामान्य कारकुनास काही महिन्यांचा पगार खर्ची घातल्यावाचून ती विकत घेता येत नसे. आणि घेतली तरी टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून परवाना काढावा लागे. म्हणून एखाद्या पेढीवर किंवा हॉटेलात रेडिओ लागला, की बातम्या ऐकण्यास रस्त्यावर माणसांचा घोळका उभा राही. त्या लाकडी पेटीवर पुष्कळदा मर्फी या इंग्रजी कंपनीचे नाव असे. मर्फीचा कारखाना खाडीपलीकडे ठाण्यास होता. तथापि पेटीचे मागील झाकण काढले असता आत ज्या काचेच्या नळ्या मंद तांबूस प्रकाशाने उजळलेल्या दिसत, त्या बहुधा सातासमुद्रांपलीकडून आलेल्या असत.

या नळ्यांना व्हॉल्व्ह म्हणत. नळीतील हवा काढून घेतलेली असे. आतील तार तापली, की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत आणि पोकळीतून समोरच्या पट्टीकडे धाव घेत. वाटेत बसवलेल्या जाळीला अगदी क्षीण विद्युत्-दाब दिला, तरी हा मोठा प्रवाह कमीअधिक करता येई. आकाशातून आलेला दुर्बळ संदेश माणसाला ऐकू येण्याइतका सबळ होई, तो याच युक्तीने. रेडिओचा प्राण त्या नळीत होता आणि तो घडविण्याची विद्या आपल्याकडे नव्हती. पेटी येथील सुताराने केली, सांधे येथील कामगाराने डाखले, तरी नळी आगबोटीने न आल्यास कारखाना थांबणार, अशी स्थिती होती.

ही विद्या स्वदेशी रुजावी म्हणून ज्यांनी आयुष्यभर खटपट केली, त्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. आपण त्यांना अणुशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, आणि ते रास्तच आहे. परंतु अणुशक्तीच्या मार्गाने जाता जाता त्यांनी जे आणखी एक रोप लावले, त्याची हकीकत मुलांच्या वाचनात क्वचितच येते.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे बॅरिस्टर होते. घरात ग्रंथांची रेलचेल होती आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह हाताशी होता. बालपणी तासन्‌तास ग्रामोफोन ऐकत बसण्याचा होमींना छंद जडला. मेकॅनो नावाच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या व स्क्रू जोडून निरनिराळी यंत्रे बनविण्यातही ते रमून जात. सोबतच्या पुस्तिकेत दाखविलेल्या आकृत्यांपेक्षा स्वतःच्या कल्पनेतील यंत्रेच त्यांना अधिक प्रिय असत.

टाटा कुटुंबाशी भाभांचे जवळचे नाते होते. होमींनी इंग्लंडमध्ये यंत्रशास्त्र शिकावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ साली ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेऊ लागले. वडिलांना त्यांनी आपला मनोदय स्पष्टपणे कळविला. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे आवडीचा विषय शिकण्यास आपण पैसे देऊ, असे वडिलांनी मान्य केले. १९३० साली होमी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि दोघांचाही शब्द राहिला.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असतानाच दुसरे महायुद्ध पेटले. केंब्रिजला परतणे अशक्य झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर रामन यांच्या सान्निध्यात, ते विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. आकाशातून येणारे हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजण्यास गणक-नळ्या लागतात आणि त्यांचा एकेक क्षीण ठोका टिपण्यास व्हॉल्व्हची मंडले लागतात. रेडिओत असतात तशीच, परंतु अधिक चोख. प्रयोग करावयाचा, तर ही साधने स्वतःच जुळविणे प्राप्त होते.

१९४५ साली टाटांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्याने त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. प्रारंभ बंगळुरास झाला. त्याच वर्षाअखेर संस्था मुंबईस, पेडर रोडवरील ज्या बंगल्यात भाभांचा जन्म झाला होता, त्याच बंगल्यात आली. युद्ध नुकतेच संपले होते. लष्कराने मोडीत काढलेली बिनतारी यंत्रे बाजारात मातीमोलाने विकली जात होती. संस्थेतील तरुण संशोधक चोरबाजारासारख्या ठिकाणी फिरत, ती धुंडाळीत आणि त्यांतील उपयोगी व्हॉल्व्ह व इतर सुटे भाग सोडवून प्रयोगशाळेत आणीत. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग आणून भिवंडीकरांनी ते चालते केले आणि त्यांवर आपला धंदा उभारला. भिवंडीच्या वाचकाला या संशोधकांच्या खटपटीचे मोल निराळे सांगावे लागू नये.

जुन्या भागांवर काम भागविणे निराळे आणि त्यांवर संतुष्ट राहणे निराळे. तयार यंत्र परदेशातून मागविले तर काम लवकर होते. परंतु ते बिघडले, की पुन्हा परदेशाकडेच पाहावे लागते आणि आपला माणूस आहे तेथेच राहतो, हे भाभांनी पुरते ओळखले होते. म्हणून वेळ लागला, चुका झाल्या, तरी उपकरणे संस्थेतच घडविण्याचा त्यांनी आग्रह धरला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून आलेले अय्यगारी सांबशिव राव यांच्यासारखे कुशल सहकारी त्यांनी निवडले व त्यांना मोकळीक दिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते. पण भट्टीवर ताबा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा याच मंडळींनी घडविली होती. त्याच सुमारास संस्थेत एका मोठ्या संगणकाची जुळणी चालू होती. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह आणि १२५०० रोधक होते. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. या यंत्राचे उत्तर पाहण्यासाठी काचेचा एक पडदा जोडलेला होता. दूरचित्रवाणीच्या जुन्या संचात चित्र उमटे, ते याच जातीच्या नळीवर.

या काळात बाहेरच्या जगात काय चालले होते? अमेरिकेत १९५५ च्या सुमारास निम्म्याहून अधिक घरांत दूरचित्रवाणी पोहोचली होती. १९४७ च्या अखेरीस तेथे ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता आणि तांबूस उजळणाऱ्या नळीची जागा तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा घेऊ लागला होता. युद्धात होरपळलेल्या टोकियोमध्ये १९४६ साली काही मूठभर तंत्रज्ञांनी एक लहानशी कंपनी काढली. १९५५ साली तिने आपला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आणला. तीच कंपनी पुढे सोनी म्हणून जगप्रसिद्ध झाली. जपानने आरंभ बाजारातून केला, भाभांनी प्रयोगशाळेतून. भाभांच्या मार्गाने माणसे उत्तम घडली, परंतु वस्तू दुकानात येण्यास फार काळ लागला, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडे दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा मुंबईकरांस ते चित्र पाहण्यास आणखी तेरा वर्षे थांबावे लागणार होते.

१९६२ च्या चिनी आक्रमणाने सर्वांचे डोळे उघडले. हिमालयात लढणाऱ्या सैन्यास पुरेशी बिनतारी यंत्रे नव्हती आणि ती तातडीने घडविण्याची सोय देशात तोकडी होती. १९५४ साली बंगळूर येथे सरकारने भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना काढला होता, पण गरज त्याहून कितीतरी मोठी होती. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. डॉ. विक्रम साराभाई, डॉ. भगवंतम् आणि सांबशिव राव हे तिचे सभासद होते.

समितीपुढील प्रश्न वरवर पाहता सैन्याचा व कारखान्यांचा होता; परंतु तो घरातल्या रेडिओपर्यंत येऊन पोहोचत होता. शत्रूचे विमान हेरणारे रडार आणि हॉटेलातला रेडिओ या दोहोंत रोधक, धारित्र आणि ट्रान्झिस्टर हेच मूळ घटक असतात. हे घटक देशात विपुल व स्वस्त झाले नाहीत, तर पेट्या कितीही जोडल्या तरी परावलंबन सुटत नाही. म्हणून सुटे भाग आणि ते ज्यांपासून घडतात ते शुद्ध पदार्थ यांवर समितीने भर दिला आणि दहा वर्षांत देश या बाबतीत आपल्या पायांवर उभा राहील, अशी आखणी केली.

अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अध्यक्ष हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील एका बैठकीस जात असता त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां या शिखरावर आदळले. भाभांचे वय अवघे छप्पन्न वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात काम थांबले नाही. तुर्भे येथील इलेक्ट्रॉनिक्स विभागात जी माणसे तयार झाली होती, त्यांच्या बळावर एप्रिल १९६७ मध्ये हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली. तिची धुरा सांबशिव राव यांनी वाहिली. अणुभट्ट्यांची उपकरणे व संगणक यांच्या जोडीला ही कंपनी दूरचित्रवाणी संचही बनवू लागली. ईसी या नावाचे ते संच अनेक घरांत दिसू लागले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले. ज्या खेड्यांनी पूर्वी कधी चलचित्रही पाहिले नव्हते, तेथील चावडीत व शाळेत संध्याकाळी सारा गाव त्या पडद्यापुढे बसे. हे संच हैदराबादच्या त्याच कंपनीत जोडलेले होते.