मृत्यू आणि पुनरुत्थानाची मराठी ओवी : फादर स्टीफन्स

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी 1507 ते 1512 या काळात ख्रिस्ताच्या यातना, मृत्यू आणि पुनरुत्थान तांब्याच्या पत्र्यांवर कोरले. अशा छापील चित्रांमुळे युरोपातील निरक्षर भाविकांनाही ही कथा डोळ्यांनी पाहता आली. कोरीव चित्रांनी सजलेले बायबल घेऊन जेझुइट धर्मगुरू रुडॉल्फ अक्वाविवा 1580 मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारी पोहोचले. मराठी श्रोत्यांसाठी मात्र ही कथा शब्दांत उभी केली ती त्यांच्याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांनी.

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात 1549 मध्ये जन्मलेले स्टीफन्स 1575 मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले. 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्यात उतरले आणि पुढची चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात घालविली.

तो काळ संघर्षाचा होता. पोर्तुगीजांनी साष्टीतील मंदिरे पाडली होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे संतप्त ग्रामस्थांनी अक्वाविवांसह पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह आणून दफनविधी करण्याची जबाबदारी स्टीफन्स यांच्यावर आली. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना बोलावून घेऊन त्यांची हत्या केली.

मंदिरांबरोबर पुराणश्रवणही हिरावले गेले होते. नवख्रिस्ती श्रोत्यांची ती भूक स्टीफन्स यांनी ओळखली. अंबाजोगाईचे दासोपंत आणि पैठणचे एकनाथ ज्या ओवीत लिहीत होते, तीच ओवी त्यांनी निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे जीवन, क्रूसावरील मृत्यू आणि पुनरुत्थान येते. वैकुंठासारखे परिचित शब्द वापरून त्यांनी परकी कथा श्रोत्यांच्या ओळखीची केली.

स्टीफन्स 1619 मध्ये निवर्तले. ग्रंथाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली, तरीही हस्तलिखितांतून आणि पठणातून पुराण टिकले. 1907 मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. ज्या सत्तेच्या छत्राखाली स्टीफन्स यांनी धर्मप्रसार केला, त्याच सत्तेने नाकारलेल्या भाषेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.