गोविंद बल्लाळ देवल

गोविंद बल्लाळ देवल (१३ नोव्हेंबर, १८५५ – १४ जून, १९१६) हे मराठी नाटककार, दिग्दर्शक व नाट्यशिक्षक होते.

जीवन
त्यांचे बालपण सांगलीजवळील हरिपूर येथे गेले. बेळगावात शिक्षण घेऊन तेथेच त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे नाट्यगुरू होत. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांनी नटांना तालीम दिली.

नाट्यलेखन
देवलांनी सात नाटके लिहिली. त्यांपैकी 'झुंझारराव' शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वर, तर 'संशयकल्लोळ' मोलियेरच्या प्रहसनावर आधारित आहे. 'शारदा' (१८९९) हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक होय.

शारदेतील दांभिक पात्रे
'शारदा'चा विषय जरठ-कुमारी विवाह हा आहे. पैशाच्या लोभाने मुलगी वृद्धाला देणारा बाप कांचनभट, उतारवयात बोहल्यावर चढू पाहणारा धनाढ्य भुजंगनाथ आणि धार्मिकतेच्या आडून स्वार्थ साधणारा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित या तिघांतून देवलांनी प्रतिष्ठित समाजाचा ढोंगीपणा दाखविला. यांपैकी कोणीही राक्षसी खलपुरुष नाही. ती गावोगावी भेटणारी माणसे असल्याने प्रेक्षक हसतात आणि अंतर्मुखही होतात. वधूवर सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न मोडते. मुलीच्या दुःखाने मात्र ते थांबलेले नसते.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात. हे नाव नाटकावरून नव्हे, तर विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडले.