धुरांड्याचा गळा आवळणारा काउंट

थंड देशांत घर उबदार ठेवण्याचा खर्च हा कुटुंबाच्या अंदाजपत्रकातला मोठा भाग असतो. अठराव्या शतकातही तो होताच, फक्त तो लाकूड आणि कोळशाच्या रूपात मोजला जाई. अमेरिकेच्या शहरांभोवतालची झाडी तुटत चालली होती आणि सरपण दरवर्षी अधिक लांबून आणि अधिक भावाने आणावे लागत होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या दशकात लोखंडी शेगडी तयार केली ती याच अडचणीतून. पण भिंतीतल्या साध्या फायरप्लेसचे दुखणे नेमके कुठे आहे, याचे निदान केले ते दुसऱ्या एका बेंजामिनने. त्याचे नाव बेंजामिन थॉम्प्सन. जग त्याला काउंट रम्फर्ड म्हणून ओळखते.

त्याचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. तो अगदी लहान असतानाच वडील वारले. पोरवयात तो दुकानात उमेदवारी करू लागला. शोभेची दारू तयार करताना स्फोट होऊन चांगलाच भाजला. पुढे गावातल्या एका डॉक्टरकडे काही काळ वैद्यकी शिकला. वैद्यकी पूर्ण झाली नाही, पण हाती येईल ते मोजून पाहण्याची सवय मात्र आयुष्यभर टिकली. एकोणिसाव्या वर्षी त्याने वयाने बरीच मोठी असलेल्या एका श्रीमंत विधवेशी लग्न केले आणि एका रात्रीत त्याची गणना प्रतिष्ठितांत होऊ लागली.

माणूस म्हणून तो सरळ नव्हता, हे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने होता आणि त्यांना गुप्तपणे बातम्या पुरवत होता. १७७६ मध्ये बायको आणि लहानगी मुलगी यांना मागे सोडून तो लंडनला गेला. त्या बायकोची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. लंडनमध्ये सरकारी कचेरीत वशिला, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, राजाकडून ‘सर’ ही पदवी असे एकेक टप्पे गाठत १७८४ च्या सुमारास तो बव्हेरियाच्या राजदरबारी म्युनिकला पोचला.

उष्णतेचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला. सैनिकांना थंडीत कोणते कपडे द्यावेत, या प्रश्नापासून. लोकर, फर, पिसे यांवर प्रयोग करताना त्याच्या लक्षात आले की ऊब धरून ठेवण्याचे मुख्य काम तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा करते. १७९० च्या १ जानेवारीला त्याने म्युनिकच्या रस्त्यांवरचे भिकारी लष्कराच्या मदतीने पकडून एका कामघरात आणले. हे आज वाचताना खटकते. पण तिथे त्यांना मारहाण नव्हती, उबदार खोल्या होत्या, कामाची मजुरी होती आणि दुपारचे गरम जेवण होते. जव, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर आणि पाव यांचे ते सूप पुढे युरोपभर रम्फर्डच्या नावाने वाटले गेले. पाणी स्वतःच पोषण करते, असा त्याचा समज होता. तो चूक होता. भरपूर पाण्याने पोट भरल्यासारखे वाटते, ताकद येत नाही.

त्या कामघरात रोज हजारभर माणसांचे जेवण शिजे, आणि रम्फर्ड तिथे लाकूड तोलून घेई. उघड्या जाळावर भांडे ठेवले की बहुतेक उष्णता आजूबाजूला आणि वर निघून जाते, हे त्याला आकड्यांत दिसले. म्हणून त्याने जाळ विटांच्या बांधकामात कोंडला, हवा आत येण्याची वाट आवरती केली आणि भांडे भट्टीच्या तोंडात खोल बसवले. आपल्याकडच्या चुलीला शेजारी वैल असतो आणि मुख्य जाळाच्या उरल्यासुरल्या आचेवर तिथे दूध किंवा आमटी गरम राहते. आच वाया जाऊ द्यायची नाही, हा विचार दोन्हीकडे तोच.

१७९५ मध्ये तो लंडनला परतला, तेव्हा तो काउंट झालेला होता. शहर कोळशाच्या धुरात बुडालेले होते आणि घराघरांत हिवाळ्याचे एकच गाऱ्हाणे होते. खोलीत धूर होतो, कोळसा फार लागतो, आणि तरीही थंडी वाजते. शेकोटीसमोर बसलेल्याच्या नडग्या भाजत आणि पाठ गारठत असे.

रम्फर्डचे निदान असे होते. जुन्या फायरप्लेस म्हणजे भिंतीतले खोल, चौकोनी कोनाडे. त्यांच्यावरचे धुरांडे इतके रुंद की त्यातून माणूस चढून जाईल. धूर वर न्यायला एवढ्या जागेची गरजच नव्हती. मग उरलेल्या जागेतून काय जाई? खोलीतली तापलेली हवा. ती वर ओढली गेली की तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरे. जाळ जितका मोठा, तितकी ही ओढ जोरदार. म्हणजे जास्त लाकूड घालून माणसे आपल्या पैशाने थंड वारा विकत घेत होती.

दुसरी गोष्ट त्याने ओळखली ती अधिक मोलाची. फायरप्लेसमुळे खोली तापते ती हवेमार्फत नव्हे, तर जाळातून सरळ रेषेत बाहेर पडणाऱ्या किरणांमुळे. तेव्हा हे किरण खोलीत जास्तीत जास्त कसे फेकता येतील, एवढेच पाहायचे. त्याने मागची भिंत पुढे आणून कोनाडा उथळ केला. बाजूच्या भिंती काटकोनात होत्या, त्या तिरप्या करून मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन साधला. मागची भिंत समोरच्या तोंडाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची ठेवली. लोखंड टाळून वीट-दगड वापरले आणि तिरप्या बाजूंना चुना फासायला सांगितले. आणि जिथून धूर धुरांड्यात शिरतो तो गळा आवळून सुमारे चार इंचांवर आणला. गळ्यामागे एक सपाट पायरी ठेवली, म्हणजे वरून उलटा आलेला वारा तिथे अडून धूर खोलीत ढकलत नाही.

याला यंत्र लागत नव्हते. गवंडी, थोड्या विटा आणि गारा पुरे. इंधनात निम्मी किंवा त्याहूनही अधिक बचत होते, असा त्याचा दावा होता. लॉर्ड पामर्स्टन (पुढे पंतप्रधान झालेल्या पामर्स्टनचे वडील) आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्यासारख्यांच्या घरांत आधी प्रयोग झाले. पाहता पाहता लंडनमध्ये शेकडो फायरप्लेस बदलल्या गेल्या. १७९६ मध्ये त्याने मापांसह सगळी पद्धत छापून टाकली आणि त्यावर पेटंट घेतले नाही. १८०० मध्ये व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने त्याला शेकोटीकडे पाठ करून, कोटाची शेपटी वर धरून उभा दाखवला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्येही रम्फर्ड फायरप्लेस येते.

गळा आवळल्यावर एक अडचण उभी राहिली. त्या काळी धुरांडी साफ करायला लहान मुलांना आत चढवत. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले होते की काजळीत वाढलेल्या या पोरांना पुढे अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाचे ते पहिले स्पष्ट वर्णन. चार इंचांच्या फटीतून मूलही जाणार नाही, म्हणून रम्फर्डने गळ्यापाशी काढता-घालता येणारी फरशी बसवायला सांगितली. साफसफाईच्या दिवशी ती काढायची आणि नंतर पुन्हा बसवायची. धुरांडे स्वच्छ राहण्याची सोय त्याने केली, पण मुलांचे चढणे त्यामुळे थांबले नाही. ते थांबायला इंग्लंडला आणखी कित्येक दशके लागली.

आरोग्याबद्दल त्याचा आणखी एक आग्रह होता. शेकोटीमुळे आत येणारे गार झोत हे क्षयाचे कारण आहेत आणि त्यापायी दरवर्षी हजारो माणसे मरतात, असे तो मानी. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दाखवला तो १८८२ मध्ये. रम्फर्डचे कारण चुकले होते, पण धुराने भरलेली, गारठलेली खोली फुप्फुसांना मानवत नाही, हे निरीक्षण चुकलेले नव्हते.

१७९८ मध्ये त्याने तोफांना भोक पाडण्याच्या कामावर आधारलेला प्रसिद्ध निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. घोड्यांच्या बळावर फिरणाऱ्या बोथट पात्याच्या घर्षणाने अडीच तासांत पाणी उकळले, विस्तवाशिवाय. उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, या विचाराला त्यातून बळ मिळाले. पुढच्याच वर्षी लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन उभी राहिली. तीही त्याच्याच पुढाकाराने.

घरच्या आघाडीवर मात्र त्याला कधी यश आले नाही. १८०५ मध्ये पॅरिसला त्याने थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या विधवेशी लग्न केले. तिने बोलावलेल्या पाहुण्यांसाठी त्याने फाटकाला कुलूप लावले, तर तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. १८०९ मध्ये दोघे वेगळे झाले. हिवाळ्यात तो पांढरे कपडे घालून फिरे, कारण पांढऱ्या रंगातून ऊब कमी निसटते असे त्याचे मत होते. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळच्या ओतेई इथे त्याचा मृत्यू झाला.

लोखंडी स्टोव्ह आणि नंतर तेलावर चालणारे हीटर आल्यावर रम्फर्डची उथळ शेकोटी मागे पडली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेत लोक पुन्हा लाकडाकडे वळले, तेव्हा त्याची मापे जुन्या पानांतून बाहेर काढली गेली. आज अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीतही फायरप्लेस असते. तिथे हिशेब थोडा वेगळा आहे. घरात हीटर चालू असताना खोल, उघडी फायरप्लेस पेटवली तर ती हीटरने तापवलेली हवाच वर ओढून नेते, आणि बिल कमी होण्याऐवजी वाढू शकते. बचत हवी तर दार असलेला बंद स्टोव्ह किंवा रम्फर्डच्या मापाची शेकोटी लागते. लाकूडही वाळलेले हवे. ओल्या लाकडाची बरीचशी आच त्यातले पाणी उडवण्यात खर्च होते आणि धुरात सूक्ष्म कण वाढतात. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेला माणूस घरात असेल तर ही बचत महागात पडते. धुरांड्यात साचणारा डांबरासारखा थर पेट घेऊ शकतो, म्हणून ते वर्षातून एकदा तपासून साफ करून घ्यावे लागते. आणि उष्णता वाचवण्याच्या नादात, निखारे धगधगत असताना धुरांड्याची झडप बंद करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतल्या माणसाला तो जागे करत नाही.