सत्याऐंशी मतांचे ओझे

साध्य थोर असले की साधनाचा दोष धुऊन निघतो काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या चरित्रात तो आकड्यांच्या रूपाने उभा राहतो.

जॉन्सन यांचा जन्म १९०८ चा, टेक्सास राज्यातील. वडील राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. पण शेतीत बुडाले आणि घर कर्जात गेले. शिक्षण चालू असतानाच १९२८ मध्ये जॉन्सन कोटुला या गावी गरीब मेक्सिकन मुलांचे शिक्षक झाले. १९३७ मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून गेले. १९४१ मध्ये सिनेटची पोटनिवडणूक मात्र ते अवघ्या १,३११ मतांनी हरले. आधी आघाडीवर असूनही मागाहून आलेल्या आकड्यांनी त्यांना मागे टाकले. हा धडा ते विसरले नाहीत.

१९४८ मध्ये पुन्हा संधी आली. त्या काळी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी म्हणजेच विजय. तिच्यासाठीच्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीत माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन यांच्याशी सामना झाला. सुमारे दहा लाख मते पडली आणि स्टीव्हन्सन निसटत्या मतांनी पुढे होते. सहा दिवसांनी ॲलिस गावच्या १३ क्रमांकाच्या मतपेटीच्या हिशेबात जॉन्सन यांची २०० मते वाढली. वाढीव नावे यादीच्या शेवटी, वर्णानुक्रमाने, एकाच हस्ताक्षरात होती! जॉन्सन ८७ मतांनी विजयी ठरले. पक्षसमितीने २९ विरुद्ध २८ मतांनी निकाल मान्य केला. न्यायालयाची मनाईही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी उठविली. त्या केंद्रावरील निवडणूक अधिकाऱ्याने १९७७ मध्ये लबाडीची कबुली दिली. त्या भागातील गठ्ठा मते पूर्वी स्टीव्हन्सन यांच्याही पदरात पडली होती, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु याच जॉन्सन यांनी अध्यक्ष झाल्यावर १९६५ चा मताधिकार कायदा संमत करविला. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी सुमारे ७ टक्के होती, ती १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेली. व्हिएतनामच्या युद्धाने त्यांची प्रतिष्ठा धुळीस मिळविली आणि १९६८ मध्ये त्यांनी पुन्हा उमेदवारी न करण्याचे जाहीर केले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

काही जण येथे जमाखर्च मांडतात : लाखोंना मताधिकार मिळाला, त्यापुढे २०० खोट्या नावांचे काय? हा हिशेब चुकीचा आहे. ज्यांना मत मिळाले, त्यांच्या मताचे मोल ते प्रामाणिकपणे मोजले जाण्यावरच अवलंबून असते. कायदा मत देतो. त्याला अर्थ देतो तो मतदान केंद्रावर बसलेला सामान्य कर्मचारी. आपल्याकडे ते काम बहुधा शिक्षक आणि कारकून करतात. ॲलिसच्या केंद्रावर त्या जागी एखादा नकार देणारा माणूस असता, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागला असता; पण तो मतदारांचा असता.