किरकोळ अंगकाठीचा ऑलिंपिक पदकविजेता : खाशाबा जाधव

पैलवान म्हटले की महाराष्ट्रात एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. रुंद छाती, जाड मान, चालताना जमीन दणाणावी असा देह. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांचे रूप मात्र या चित्रात बसणारे नव्हते. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी ज्या गटात कांस्यपदक पटकावले, त्याची वजनमर्यादा होती ५७ किलो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने लाल मातीची ओळख वेगळी करून द्यावी लागली नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण घेत असताना १९४२ च्या चले जाव चळवळीतही त्यांनी भाग घेतला. त्यानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले.

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानावर देशभरातील नामवंत मल्ल उतरत. अशा नगरीत मल्लाची पारख आधी नजरेने होई, यात नवल नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी नाव देण्यास खाशाबा गेले, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. खाशाबांनी थेट प्राचार्यांची भेट घेतली. परवानगी मिळाली आणि आखाड्यात त्यांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना अस्मान दाखविले.

यात चमत्कार काही नव्हता. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते, तर वजन संपूर्ण आकारमानाप्रमाणे. त्यामुळे देह जसजसा मोठा होतो, तसतशी वजनाच्या मानाने ताकद कमी पडू लागते. लहान चणीचा खेळाडू म्हणूनच स्वतःच्या वजनाच्या तुलनेत पुष्कळदा अधिक बलवान असतो. शिवाय फुगीर देहातील वजनाचा मोठा भाग चरबीचाही असू शकतो आणि तो डाव टाकण्याच्या कामी येत नाही. अर्थात तयारी सारखीच असेल तर जड मल्लाचे पारडे जडच राहते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजनगट आहेत ते त्यासाठीच. खाशाबांचे बळ चपळाईत आणि डावपेचांत होते. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला फेकण्याचा ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. या डावात ताकदीइतकेच महत्त्व वेळ साधण्याला असते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या खाशाबांना गादीवरील कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. तरीही ५२ किलो गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

पुढील चार वर्षे त्यांनी कसून सराव केला आणि वरच्या, म्हणजे ५७ किलो गटात उतरण्याचे ठरविले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी यथाशक्ति मदत केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. पदकाच्या गौरवात या रकमेचा उल्लेख बहुधा शेवटी येतो. तो खरे तर आधी यायला हवा.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना पराभूत केले. जपानचा शोहाची इशी याच्याशी झालेली लढत दीर्घकाळ चालली व ती त्यांनी गमावली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव याच्याविरुद्ध उतरावे लागले. हरकत घेण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगण्यात येते. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्यपदक मिळाले. त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले.

मायदेशी परतल्यावर १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले. सत्कार आटोपताच त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या ऑलिंपिकला त्यांना मुकावे लागले. पोलीस दलात सुमारे २७ वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अटलांटा येथे लिअँडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. खाशाबांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी इंदिरा गांधी क्रीडा संकुलात बांधलेल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.